हार्ट फेल्युअर असताना मन आणि दिवस कसा सांभाळायचा

टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर ‘ईएफ ३० टक्के’ असं लिहून आलं की त्या दिवसापासून घरातलं सगळं बोलणं त्या आकड्याभोवती फिरायला लागतं. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती रक्त बाहेर फेकलं जातं, त्याचं प्रमाण म्हणजे ईएफ. निरोगी हृदयात ते साधारण ५५ ते ७० टक्के असतं. फाईलवर हार्ट फेल्युअर लिहिलं असलं तरी हृदय थांबलेलं नसतं, त्याचा पंप अशक्त किंवा ताठर झालेला असतो. औषधं ठरवायला डॉक्टरांना हा आकडा लागतो. पण माणूस आपल्या जगण्यावर समाधानी आहे की नाही, हे ईएफवरून फारसं कळत नाही. ईएफ ३० असलेले आबा रोज सकाळी सोलापुरातल्या संभाजी तलावावर फेरी मारून येतात आणि ईएफ ५० असलेल्या अक्का महिनोन्महिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत, अशी दोन्ही चित्रं एकाच गल्लीत दिसू शकतात. उदासी वेळेवर ओळखली गेली का, अंगातली थोडकी ताकद कशावर खर्च होते, आणि घरात त्या माणसाच्या वाट्याला अजून काही काम, काही शब्द उरलाय का, यावर बरंच ठरतं. या तिन्ही गोष्टी घरी हाताळता येतात. हृदयाची औषधं आणि तपासण्या आहेत तशाच चालू राहतील, असं धरून पुढचं वाचा.

वजन आणि मन, एकाच वहीत

रोजचं वजन लिहायला डॉक्टरांनी सांगितलेलंच असतं. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज सारख्याच कपड्यांत. काटा सपाट फरशीवर ठेवायचा. चटईवर ठेवला की तो चुकीचं दाखवतो. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ झाली तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

त्याच पानावर मनासाठी दोन ओळी ठेवा. महिन्यातून दोनदा, एक तारखेला आणि पंधरा तारखेला, हे दोन प्रश्न विचारायचे. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, काही करावंसं वाटत नाही, असं किती वेळा झालं? आणि उदास, निराश, हताश किती वेळा वाटलं? अजिबात नाही तर ०, काही दिवस तर १, निम्म्याहून जास्त दिवस तर २, जवळजवळ रोज तर ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायचं. मग ते नऊ प्रश्नांची पूर्ण चाचणी घेतात. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा जास्त आले की नीट तपासणी लागते. ही चाचणी जगभर वापरली जाते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत साधारण पाचातल्या एकाला उपचार लागतील इतकी उदासी असते, तेव्हा बेरीज ३ आली म्हणून कुणी शरमायचं कारण नाही.

दुसरी ओळ समाधानाची. दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणायची. सगळ्यात वर आपल्याला शक्य असलेलं उत्तम आयुष्य, सगळ्यात खाली वाईटात वाईट. आज आपण कितव्या पायरीवर? हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. आकडा मिळाल्यावर खरा उपयोगाचा प्रश्न पुढचा: एक पायरी वर जायला काय लागेल? उत्तरं बहुतेक वेळा लहान आणि जमण्याजोगी निघतात. ‘नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला जाता आलं पाहिजे.’ ‘रोज संध्याकाळी कुणीतरी माझ्याशी दहा मिनिटं बोललं पाहिजे.’ ते उत्तर वहीत जसंच्या तसं लिहा, कारण पुढचं नियोजन त्याच्यावरच बेतायचं आहे.

प्रश्न कुणी विचारायचे, याचाही विचार हवा. पाहुण्यांसमोर, सुनेसमोर किंवा घाईत विचारलं तर उत्तर ‘बरंय की’ एवढंच येतं. एकांतात, ज्याच्याशी मोकळं बोलतात त्या माणसाने विचारावं, आणि घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर त्याच भाषेत. सोलापुरात हे विसरून चालत नाही. दवाखान्यात मराठीत ‘ठीक आहे’ म्हणणारी पूर्व भागातली आजी घरच्या बोलीत वेगळंच सांगेल. पुरुष तर उदास आहोत असं क्वचितच म्हणतात. त्यांची उदासी चिडचिड होऊन बाहेर पडते, जेवणाच्या ताटावरून भांडण होतं, दाढी करणं सुटतं, पेपर न उघडता पडून राहतो. अशा खुणा दिसल्या की गुणांची वाट बघू नका.

थकवा हृदयाचा की मनाचा

ही गल्लत सगळ्यात जास्त होते आणि दोन्ही बाजूंनी होते. थकवा, झोप न लागणं, भूक मंदावणं, लक्ष न लागणं ही हृदयाच्या आजाराचीही लक्षणं आणि नैराश्याचीही. म्हणून ज्या गोष्टी एकट्या हृदयाने होत नाहीत त्यांच्याकडे बघायचं. आवडीचा नातू आला तरी चेहरा हलत नाही, ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ असं वारंवार येतं, पुढच्या महिन्याचं काही बोललं की ‘तोवर कोण राहतंय’ असं उत्तर मिळतं. अशा वेळी मनाकडे लक्ष गेलंच पाहिजे. उलट, माणसाला जायची, करायची इच्छा आहे पण पाय साथ देत नाहीत, पायांवर सूज आहे, झोपताना दम लागतो म्हणून उशा वाढवाव्या लागताहेत, तर आधी हृदय.

मनाला दोष देण्यापूर्वी काही साध्या रक्ततपासण्या डॉक्टरांकडे मागून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, सोडियम आणि पोटॅशियम. हार्ट फेल्युअरमध्ये लोहाची कमतरता फार आढळते, हिमोग्लोबिन ठीक असतानाही. ती शिरेतून लोह देऊन भरून काढली की ईएफ कमी असलेल्या अनेकांचा थकवा कमी होतो. लोहाच्या गोळ्यांचा या आजारात तितका उपयोग होत नाही. ठोक्यांची लय सांभाळणारी ॲमिओडॅरोनची गोळी चालू असेल तर थायरॉइड बिघडू शकतं आणि त्यानेही माणूस मंद, उदास होतो. वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला, गोंधळला, तर ती उदासी समजून घरी बसू नका. सोडियम उतरलेलं असू शकतं, लगेच दवाखाना गाठा.

बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारी गोळी, सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर सुरुवातीचे काही आठवडे गळाल्यासारखं वाटतं. बहुतेकांचं ते ओसरतं. ‘या गोळीने मी खचलो’ म्हणून ती परस्पर बंद करणं धोक्याचं आहे, अचानक थांबवल्याने ठोके आणि दाब उसळतात. त्रास डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा वेळ बदलतील.

रात्री दम लागला तर

झोपल्यावर तासा-दोन तासांनी घुसमटून जाग येणं ही हृदयाची खूण आहे. पण एकदा असं झालं की पुढे रात्र पडली तरी भीती वाटायला लागते, आणि भीतीनेही श्वास भराभर होतो. अंथरुणातून ‘हे टेन्शन आहे’ असा निकाल देऊ नका. क्रमाने पुढचं करा.

उठून बसा, पाय पलंगाखाली सोडा. मांडीवर उशी घेऊन किंवा टेबलावर हात टेकून थोडं पुढे झुका. नाकाने दोन अंक मोजत श्वास आत, ओठ शीळ घालताना करतो तसे चंबू करून चार अंक मोजत बाहेर. जोर लावून फुंकायचं नाही, हळू सोडायचं. चेहऱ्यावर पंख्याची झुळूक घ्या. गालांवर वारा लागला की दम लागल्याची जाणीव कमी होते, हे अभ्यासांतही दिसलं आहे. वीज गेली तर म्हणून उशाशी हातपंखा ठेवलेलाच असावा.

दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण उतरलं, सकाळी वजन वाढलेलं नाही, सूज नाही, तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा. उतरलं नाही, छातीत दुखतंय, दरदरून घाम फुटला, ओठ काळेनिळे पडले किंवा खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर तिथेच १०८ ला फोन. शंका असेल तेव्हा हृदय समजूनच वागायचं.

झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. या आजारात झोपेत श्वास थांबत-थांबत चालण्याचा त्रास बऱ्याच जणांना असतो, गोळीने तो वाढू शकतो, आणि रात्री बाथरूमला उठताना पडायची भीती वेगळीच. जोरात घोरणं आणि दिवसा सारखी पेंग येणं असेल तर ते आवर्जून सांगा. पाणी काढायच्या गोळीचा दुसरा डोस असेल तर तो दुपारी चारच्या आत घ्यावा, म्हणजे रात्रभर लघवीला उठावं लागत नाही. एवढ्या एका बदलाने अनेकांची झोप सुधारते.

काम काढून घेऊ नका, हलकं करा

प्रेमापोटी होणारी मोठी चूक इथे आहे. दवाखान्यातून घरी आल्यावर सगळे म्हणतात, ‘तुम्ही फक्त बसून राहा.’ पंधरा दिवस बरं वाटतं. मग ज्या बाईने तीस वर्षं घर चालवलं तिला कोथिंबीर निवडायलाही कुणी देत नाही, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागते. सततच्या आरामाने स्नायू झिजतात, थोड्या कामाने जास्त दम लागतो, दम लागला म्हणून आणखी आराम, आणि मन त्याच्याबरोबर खाली जातं.

पाण्याचाच दिवस घ्या. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घागरी, बादल्या, पिंप, टाकी सगळं भरायची धांदल उडते. भरलेली पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो, आणि ती उचलताना आपण श्वास रोखून धरतो. हृदयावर त्याचा एकदम ताण येतो. हे उचलणं बंद झालंच पाहिजे. पण पाणी कधी येणार यावर लक्ष ठेवणं, पाइप कुठल्या भांड्यात हे सांगणं, पिण्याचं आणि वापरायचं वेगळं करवून घेणं, हे खुर्चीवर बसून होतं. ते काम त्यांच्याकडेच राहू द्या. स्वयंपाकघरात घेण्यासाठी पाच लिटरचा कॅन अर्धा भरून ठेवला की त्यांना स्वतःच्या हाताने पाणी घेता येतं.

हाच हिशेब बाकी कामांना लावायचा. भाकरी थापायला उभं राहून दम लागत असेल तर पीठ मळून द्या, ओटा उंच असेल तर उंच स्टूल द्या, आणि आठ भाकऱ्यांऐवजी तीन थापू द्या. विडी वळणाऱ्या बाईने काम सोडलं की मजुरीबरोबर शेजारणींबरोबरच्या गप्पाही जातात. काम चालू ठेवायचं असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, तंबाखूची धूळ उडणार नाही अशा जागी बसावं आणि दर अर्ध्या तासाला उठून चार पावलं टाकावीत, नाहीतर पाय सुजतात. खरं सांगायचं तर दम्यासारखा त्रासही असेल तर तंबाखूपासून दूर राहणंच बरं. मिश्री लावायची सवय असेल तर तीही सोडायची आहे. पहिले दोन-चार आठवडे चिडचिड होते, घरच्यांनी ती अंगावर घेऊ नये.

यंत्रमागावर उभं राहून पाळी करणाऱ्या माणसाला उकाडा, आवाज आणि बीम उचलणं झेपत नाही. पण कांडी भरणं, चादरी-टॉवेल तपासणं, घडी घालणं, पॅकिंग, हिशेब ही कामं बऱ्याच कारखान्यांत असतात. डॉक्टरांकडून ‘हलकं काम चालेल, किती तास, किती किलोपर्यंत उचलायचं’ असं स्पष्ट चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसतं ‘आराम करा’ लिहिलेली चिठ्ठी मालकाला दाखवून काही मिळत नाही. कमाई बंद झाल्याचं दुःख हे पुरुषांच्या उदासीतलं मोठं कारण असतं, त्यावर ‘पैशाची काळजी करू नका’ हा उपाय होत नाही. घरखर्चाच्या चर्चेत त्यांना बसवा, खरा आकडा सांगा.

ताकद कशी वाटायची, त्याचाही एक सराव आहे. सकाळची आंघोळ, देवपूजा आणि नाश्ता हे सलग केलं की अकरापर्यंत माणूस संपतो. मधे वीस-तीस मिनिटं बसणं ठेवा. आंघोळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, टॉवेल हाताच्या अंतरावर. कपडे बसूनच घालायचे. आठवड्याच्या पानावर रोज दोन कामं लिहा, एक गरजेचं आणि एक आवडीचं. आवडीचं काम थकव्यानंतर उरलेल्या वेळात टाकू नका, अंगात जोर असतो तेव्हा ठेवा, बहुतेकांना तो सकाळी असतो. काम झाल्यावर ‘बरं वाटलं’ याला दहापैकी गुण द्या. दोन आठवड्यांत कळतं की कुठल्या गोष्टीने उभारी येते. उदास माणूस ‘इच्छा झाली की करीन’ म्हणतो. या अवस्थेत इच्छा आधी येत नाही, काम सुरू केल्यावर मागून येते. म्हणून काम इतकं लहान ठरवा की इच्छा नसतानाही होईल: तुळशीला एक तांब्या पाणी, एकाच जुन्या मित्राला एक फोन.

चांगल्या दिवशी घसरायला होतं. आज बरं वाटतंय म्हणून माळा आवरला आणि पुढचे दोन दिवस पडून. चांगल्या दिवशीही नेहमीपेक्षा पाव हिस्सा जास्त, एवढंच.

चालणं

डॉक्टरांनी हो म्हटलं असेल आणि तब्येत स्थिर असेल तर चालण्याइतकं स्वस्त आणि गुणकारी काही नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचएफ-ॲक्शन या व्यायामावरच्या अभ्यासात ईएफ कमी असलेले २,३३१ रुग्ण होते. त्याच रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणात व्यायाम करणाऱ्यांची उदासीही थोडी कमी झालेली दिसली. थोडीच, पण सातत्याने.

सुरुवात सपाट जागेवर पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. वेग असा की चालता चालता वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येणार नाही. चक्कर, छातीत दुखणं, धडधड किंवा थांबल्यावरही काही मिनिटांत न उतरणारा दम आला तर त्या दिवशी बंद. जेवल्यावर तासभर तरी चालू नका. हुतात्मा बाग, सिद्धेश्वर तलावाचा काठ, संभाजी तलाव या जागा अशासाठी बऱ्या की बसायला मिळतं आणि रोजची चार माणसं भेटतात. एकट्याने गच्चीवर फेऱ्या मारण्यापेक्षा हे मनाला जास्त लाभतं.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत चालून घरी यावं, नाहीतर घरातल्या घरात. पाणी काढायची गोळी चालू असताना घाम फार गेला तर वजन उतरतं, उठताना अंधारी येते, लघवी कमी होते. पाणी किती प्यायचं आणि गोळीची मात्रा कमी करायची का, हे मार्चमध्येच विचारून वहीत लिहून ठेवा. पाणी दीड लिटर ठरवून दिलं असेल तर सकाळीच तेवढं बाटलीत भरून ठेवायचं. जिभेला कोरड पडली की लिंबाची फोड चोखायची किंवा बर्फाचा खडा.

ताटातलं मीठ

दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. पथ्य न पाळण्यामागे चवीइतकंच एक कारण असतं: वेगळं ताट. सगळ्यांच्या पंगतीत आपल्या एकट्यासमोर आळणी वाटी ठेवली की माणूस आजारी असल्याची आठवण दिवसातून दोनदा होते. म्हणून आमटी-भाजी सगळ्यांचीच कमी मिठाची करा आणि ज्यांना हवं त्यांनी वरून घ्यावं. शेंगा चटणी सोडायची गरज नाही. शेंगदाणे खमंग भाजून, लसूण, तिखट, जिरं घालून मिठाशिवाय कुटा, खाताना वरून लिंबू पिळा. भाकरीत तसंही मीठ नसलं तरी चालतं. कडक भाकरी दह्यात चुरून खाता येते. जपायचं ते पापड, लोणचं, फरसाण, बेकरीचे खारे पदार्थ आणि मटणाच्या रश्शाला: फोडी खा, रस्सा दोन चमचे. जीभ महिन्याभरात कमी मिठाला सरावते, पहिले तीन आठवडेच जड जातात. हुरड्याच्या दिवसांत शेतावर जायचं असेल तर जरूर जा, भाजलेल्या हुरड्यात मीठ नसतं, सोबतची चटणी घरून न्या.

बाजारातलं कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. तसंच सांधेदुखीवर परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनची गोळी अंगात पाणी साठवते.

गड्डा, लग्न, पंढरपूर

बाहेर जाणं बंद होण्याचं खरं कारण अनेकदा दम नसून लघवी असते, आणि ते कुणी सांगत नाही. बायका तर एसटी आणि मंगल कार्यालयातल्या बाथरूमच्या भीतीने घरीच राहतात. पाणी काढायच्या फुरोसेमाइडच्या गोळीचा असर तासाभरात सुरू होतो आणि सहाएक तासांत उतरतो. जायच्या दिवशी ती फार लवकर किंवा परत आल्यावर घेता येते, पण किती पुढे-मागे करायची हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोळी चुकवायची नाही.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत संध्याकाळी गर्दी आणि धूळ असते, दुपारी लवकर जाऊन तासाभरात परतावं. पंढरपूरला पददर्शनाच्या रांगेत तास न् तास उभं राहण्यापेक्षा मुखदर्शन घ्यावं. तुळजापूरला पायऱ्या उतरून खाली जायचं असतं, उतरताना काही वाटत नाही, परत चढताना कस लागतो, तेव्हा दर सात-आठ पायऱ्यांवर थांबायचं. खिशात औषधांची यादी आणि एका नातेवाइकाचा नंबर.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील तर सहसा हरकत नसते. सोर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर संबंधांसाठीच्या ‘ताकदीच्या’ गोळ्या (सिल्डेनाफिलसारख्या) कधीही घेऊ नयेत, रक्तदाब जीवघेणा उतरतो.

बोलणं आणि औषध

घरच्यांनी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणं थांबवावं. त्याने समोरचा गप्प होतो. ‘आज काय जड गेलं?’ असं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या, लगेच उपाय सांगू नका. सांभाळणाऱ्यालाही आठवड्यातून अर्धा दिवस सुटी हवी, तेवढ्यापुरती जबाबदारी दुसऱ्या एकाच्या नावावर स्पष्ट लिहा. एकट्या सुनेवर किंवा बायकोवर सगळं राहिलं की काही महिन्यांत आजारी माणसं दोन होतात.

दोन आठवड्यांहून जास्त उदासी टिकली तर उपचार घ्या. उदासीवरची गोळी हृदयाच्या रुग्णांत तपासलेली आहे. २०१० च्या एका चाचणीत सर्ट्रालिन सुरक्षित ठरली, पण औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीपेक्षा सरस ठरली नाही. दोन्ही गटांना नर्सचा नियमित आधार होता आणि दोन्ही गट सुधारले. २०१५ च्या अभ्यासात विचार आणि वागणुकीवर काम करणाऱ्या समुपदेशनाने उदासी कमी झाली. म्हणून एकट्या गोळीवर भिस्त ठेवू नका, समुपदेशनही मागा. तीव्र नैराश्यात मात्र गोळी लागतेच, आणि चालू असलेली गोळी परस्पर थांबवायची नाही. मानसोपचारतज्ज्ञांना हृदयाच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या या आजारात टाळतात. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, मोफत आहे, मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलता येतं. ‘मेलेलं बरं’ असं बोलणं आलं तर ते त्रागा समजून सोडू नका. मनात जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना.

ओपीडीत

गर्दीच्या ओपीडीत चार-पाच मिनिटं मिळतात आणि ती ‘बरंय’ म्हणण्यात जातात. घरून एका कागदावर लिहून न्या: गेल्या महिन्यातलं कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन, किती पायऱ्यांवर दम लागतो, दोन प्रश्नांची बेरीज, शिडीवरची पायरी आणि जे करता यायला हवं ती एक गोष्ट. कागद डॉक्टरांच्या हातात द्या, वाचून दाखवू नका. ‘नातवाला रिक्षापर्यंत सोडायला जायचंय’ हे वाचल्यावर डॉक्टर चालण्याचं अंतर आणि औषधाची वेळ त्याप्रमाणे बसवू शकतात. निघताना तीन गोष्टी विचारून त्याच कागदाच्या मागे लिहा: कुठली गोळी बदलली, वजन किती झालं तर फोन करायचा, आणि रात्री फोन कुणाला.